बिनआवाजाचा पंखा

फडताळकाकांना लॅपटॉप उघडण्याआधी त्याच्या पाठीवर तळहात टेकवायची सवय होती. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा, तसा. ही सवय लॅपटॉप आजारी पडायच्या आधीपासूनची. लाकडात वाढलेला माणूस. फळी हातात आली की आधी तळवा फिरवून ओली की सुकी हे बघणार, मग करवत घेणार. लॅपटॉप लाकडाचा नसतो हे काकांच्या डोक्याला ठाऊक होतं, पण हाताला कोण समजावणार?

त्यांचं खरं नाव सहीपुरतंच उरलं होतं. बाजारपेठेत सगळे फडताळकाकाच म्हणत. वडील सुतार, त्यामुळे काकांना मिसरूड फुटली तीच लाकडाच्या भुश्शात. पुढं पाठीनं दावा मांडला, डॉक्टरांनी वाकायला बंदी केली, आणि चाळिशी उलटलेला हा माणूस संगणकाच्या शिकवणीला जाऊन बसला. आजूबाजूला सगळी कोवळी पोरं-पोरी. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, माउस पुढं सरकवा. काकांनी तो दोन्ही हातांनी धरून रंध्यासारखा असा रेटला की समोरच्या मुलीचा चहा तिच्याच वहीवर सांडला. पण थोड्याच दिवसांत त्यांनी पडद्यावर असं कपाट उभं केलं की मास्तर खुर्ची ओढून बघत बसले.

"काका, बिजागऱ्यासुद्धा मोजून लावल्यात की."

"बिजागरी चुकली की दार रडतं," काका म्हणाले. "पडद्यावर रडलं काय न् घरात रडलं काय."

तर हा त्यांचा धंदा. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मापं घ्यायची, लॅपटॉपवर कपाटं, ओटे, कप्पे उभे करायचे, आणि ते खरोखर बसवल्यावर कसं दिसेल त्याचं हुबेहूब चित्र करून दाखवायचं. गिऱ्हाइकानं मान डोलावली की माल सुतारांकडून करून घ्यायचा. आता हे हुबेहूब चित्र काही चुटकीसरशी होत नाही. उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते, काचेत समोरचं काय दिसतं, याचा विचार यंत्र आपलं आपण करत बसतं. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात यंत्राला घाम फुटतो. दुकानात ह्याला 'शिजवणं' म्हणत. "ओट्याचं चित्र चुलीवर ठेवलंय." "सावल्या अजून कच्च्या आहेत, थांबा जरा." नवं गिऱ्हाईक हे ऐकून आत स्वयंपाकघर शोधायचं. आणि दुकानाचा एक नियम होता: चुलीवर चढलेलं चित्र मध्येच उतरवायचं नाही. गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालेल, चित्राला कच्चं ठेवायचं नाही.

काकांची आणखी एक रीत होती. प्रत्येक कामाच्या एका तरी चित्रात ते एक ड्रॉवर अर्धा उघडा दाखवत, आणि त्या ड्रॉवरमध्ये एक चष्मा. जाड काचांचा, एक काडी मोडलेली, मोडल्या जागी दोरा गुंडाळलेला. तो त्यांच्या वडिलांचा. वडील गेले तेव्हा कामाच्या टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये तो असाच पडलेला होता, आणि ड्रॉवर अर्धाच लोटलेला. काकांनी तो लॅपटॉपवर दोऱ्याच्या गाठीसकट हुबेहूब काढला. गिऱ्हाइकं विचारायची, हा कुणाचा चष्मा? काका म्हणायचे, "मालक आत्ताच उठून गेलेत. येतील एवढ्यात."

दुकानात काका एकटे नव्हते. त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे काकांचे साडू, भागीदार होते. साडूंचं नातं मोठं गमतीचं. दोघांची ना भाऊबंदकी, ना रक्त एक. पण दोघांच्या डोक्यावर सासूबाई एकच, आणि एकाच सासूबाईंना घाबरणारे दोन पुरुष आपोआप जिवलग होतात. काका त्यांना साडूबुवा म्हणत, साडूबुवा काकांना दादा. काका मुखदुर्बळ, साडूबुवांच्या जिभेवर साखर. काका चित्र काढणार, साडूबुवा ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालणार. एकदा एका बाईंनी कपाटाचा रंग सहाव्यांदा बदलायला सांगितला, तेव्हा काका नुसते घाम पुसत बसले आणि साडूबुवा म्हणाले, "बाई, अहो कपाटाला तुमच्या साडीशी लग्न लावायचंय का? साड्या बदलतील, कपाट बिचारं विधुर होईल." बाई हसल्या आणि पहिल्याच रंगावर परत आल्या. लॅपटॉपवर चित्र कसं काढायचं हेही काकांनीच साडूबुवांना शिकवलं होतं, शेजारी बसून, हातावर हात ठेवून.

तर ह्या सुखाच्या संसारात लॅपटॉपला ताप भरला.

आणि भरला तो नेमका नको त्या वेळी. गावच्या वाचनालयाची नवी इमारत उभी राहिली होती आणि आतलं सगळं लाकूडकाम द्यायचं होतं: पुस्तकांच्या मांडण्या, वाचायची टेबलं, दाराशी ग्रंथपालांचं मोठं मेज. जुन्या वाचनालयातली कपाटं काकांच्या वडिलांनी केलेली. लहानपणी वडील तिथं फळ्या ठोकत असायचे आणि काका खाली भुश्शात बसून मोठ्या अक्षरांची पुस्तकं वाचायचे. त्यांना अक्षराचं वेड लागलं ते तिथंच. आयुष्यात एवढं एकच काम त्यांनी मनापासून मागितलं होतं. समितीची बैठक जवळ आली होती, त्याआधी चित्रं पोचती करायची होती. आणि लॅपटॉप दुपारनंतर असा तापायचा की चित्र अर्धं शिजलं न शिजलं तोच पडदा काळा. फट्ट. सगळं पहिल्यापासून.

उपचार सुरू झाले. साडूबुवांनी लॅपटॉपच्या चारी कोपऱ्यांखाली बाटल्यांची झाकणं ठेवली, खालून वारा खेळावा म्हणून. मग टेबलपंखा त्याच्यावर रोखला. काकांची कागदपत्रं उडाली आणि काकांना शिंका सुरू झाल्या, लॅपटॉप होता तसाच. मग साडूबुवा म्हणाले, खिडकीतून दुपारचं ऊन येतं, त्यानं होतं हे. टेबल हलवलं. साडूबुवांच्या बायकोनं जाड पडदा शिवून दिला. मग एक दिवस साडूबुवांनी स्वतः लॅपटॉपचं पोट उघडून, रंग द्यायचा बारीक ब्रश घेऊन पंख्याच्या पात्यांमधली धूळ काढली. तासभर मान मोडून बसले होते. काका रात्री जेवताना बायकोला म्हणाले, "सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतायत साडूबुवा."

"कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवून बघा," बायको म्हणाली. "नाहीतर माझ्या आईकडून दृष्ट काढून आणा."

पण ताप हटेना. विचित्र गोष्ट अशी की सकाळी लॅपटॉप गार असायचा. काका सकाळभर काम करायचे, कोमट व्हायचा, तेवढंच. दुपारी झाकण लावून ते घरी जेवायला जायचे, जेवून अंमळ आडवे व्हायचे, परत येऊन पाठीवर हात ठेवायचे, तर भाकरीचा तवा. साडूबुवांचं घर लांब, ते डबा आणायचे आणि दुकानातच खायचे.

"साडूबुवा, अहो मी तर झाकण लावून गेलो होतो."

"दादा, हवाच तापलीय. माझा डबासुद्धा गरम राहिला आज." आणि मग त्यांनीच तोडगा काढला. "आता बाहेरून लावायचा कूलर घेऊन टाका. बाजारात मिळतात. पण बघून घ्या. एक सपाट येतो, पाटासारखा. त्यात खाली पंखे असतात. त्याच्यावर लॅपटॉप ठेवला की काम झालं. आवाज नाही, काही नाही. दुसरा बाजूला चिकटवायचा असतो, भोंग्यासारखा. तो घेऊ नका. डोकं उठतं. सपाटच घ्या."

काका दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बगलेत मारून संगणकाच्या वस्तूंच्या दुकानात गेले. काउंटरवर एक मुलगी होती, केसांना पेन खोचलेलं. तिनं तीन प्रकार समोर मांडले. एक नुसताच तिरपा स्टँड, पंख्याविना. दुसरा तो सपाट पाट. तिसरा बाजूला लावायचा: मुठीएवढा डबा, पुढं रबरी ओठ, डोक्यावर तापमानाचा बारीक आकडा.

"काय करताना तापतो, काका?"

"मी जेवताना."

मुलीनं केसातलं पेन काढलं. "म्हणजे?"

"म्हणजे मी घरी जेवायला जातो. परत येतो तर गरम."

"चालू ठेवून जाता?"

"छे. झाकण लावून जातो."

"झाकण लावलं की तो झोपतो, काका. झोपलेला माणूस घामाघूम होत नाही."

"ताप असला तर होतो," काका म्हणाले, आणि मुलगी खुदकन हसली.

काकांना मात्र तिचं बोलणं कुठंतरी कुसळासारखं रुतलं. त्यांनी ते उपटून टाकलं. झोपेत काही यंत्रं तापत असतील. आपल्याला काय एवढं कळतंय?

मुलीनं लॅपटॉप चालू करून त्याच्यावर काहीतरी जड काम लावलं, आणि काकांचा हात धरून आधी पोटाखाली नेला. "इथं वारा लागतो?" नव्हता लागत. पोट सपाट, बंद, एकसुद्धा फट नाही. मग तिनं हात डाव्या कडेला नेला. तिथल्या जाळीतून चुलीच्या तोंडासारखी धग येत होती. "तुमचा हा कीबोर्डच्या फटींतून श्वास घेतो आणि डावीकडून सोडतो. सपाट पाटाचे पंखे खालून फुंकणार ते बंद पोटावर. बाहेरून गार, आत तसाच."

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला," काका म्हणाले.

"तसंच. हा बाजूचा गरम वारा ओढून काढतो. ऑटोवर ठेवलात तर जितका ताप, तितका जोरात फिरतो. फक्त आवाज करतो हं."

काका घुटमळले. साडूबुवांनी बजावून सांगितलं होतं, सपाटच. पण काकांच्या हाताला धग कळली होती, आणि हातानं सांगितलेलं त्यांनी आयुष्यात कधी मोडलं नव्हतं. त्यांनी बाजूचा घेतला.

दुकानात आल्यावर साडूबुवांचा चेहरा पडला. "दादा, मी काय सांगितलं होतं? आता दिवसभर गिरणीत बसायचं."

"अहो, घोरणारा माणूस परवडला, मरणारा नको."

कूलर लावला तर रबरी ओठ आणि लॅपटॉपची कड यांच्यात बारीक फट राहत होती. काकांनी खुर्च्यांच्या पायांना चिकटवतात त्या हिरव्या फेल्टची पट्टी कापून तिथं बसवली. मापात बसली, फक्त एक टोक जरासं सुटं राहिलं. पंखा पूर्ण जोरात गेला की ते टोक फडफडायचं: घुर्रर्र, आणि मध्येच फट् फट् फट्, जसं घशात कफ अडकलेला म्हातारा घोरतोय. साडूबुवांनी दोन-तीनदा पंखा कमी करून बघितला, पण कमी केला की चित्र शिजता शिजता पडदा काळा. शेवटी तेही म्हणाले, राहू दे ऑटोवरच.

आणि गुण आला. वाचनालयाच्या मांडण्यांची चित्रं शिजली, वाचायच्या टेबलांची शिजली. काचेच्या दारांत समोरच्या झाडाची सावली दिसायला लागली, तेव्हा काकांनी साडूबुवांना हाक मारून दाखवलं, आणि दोघं नुसते बघत बसले. शेवटी ग्रंथपालांच्या मेजाचं चित्र झालं. त्या मेजाला एक ड्रॉवर, अर्धा उघडा, त्यात चष्मा. ह्या कामात चष्मा तेवढ्या एकाच चित्रात होता, आणि ह्या वेळी काकांना वाटलं, वडील खरंच उठून कुठंतरी गेलेत आणि येतीलच.

पण दुपारी परत आल्यावर पाठीला हात लावला की तवा तो तवाच.

पुढं काय झालं ते घरी, पानावर बसल्यावर. काका दोन घास खाऊन उठायच्या बेतात होते, आणि त्यांना आठवलं की प्लायवाल्याला दुपारी माल आणायला सांगितलंय. आला का विचारावं म्हणून त्यांनी साडूबुवांना फोन लावला.

"हां दादा, बोला."

"प्लायवाला आला का?"

"मी दुकानात नाहीये दादा. वखारीत आलोय. दुकान बंद करून आलो."

"बरं बरं."

आणि साडूबुवांच्या आवाजामागून आवाज आला. घुर्रर्र. मग फट् फट् फट्. मग परत घुर्रर्र.

काकांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून साडूबुवा वखारीतल्या गर्दीविषयी काहीतरी सांगत होते, करवतीचा आवाज किती येतोय वगैरे. जगात करवती पुष्कळ आहेत. पण हिरव्या फेल्टची ती पट्टी काकांनी स्वतःच्या कात्रीनं कापली होती. तिचं घोरणं त्यांनी गर्दीतही ओळखलं असतं.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. "भात वाढू का?"

"नको," काका म्हणाले, आणि हात धुऊन निघाले.

रस्ताभर त्यांनी साडूबुवांची वकिली केली. कुणाचं तरी छोटं काम घेतलं असेल. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा असेल. मेजाचं चित्र बिघडलं असेल, मला न सांगता दुरुस्त करत असतील. वकील चांगला होता, पण अशील हरलेला होता, आणि ते काकांच्या पायांना कळत होतं. पाय एरवीपेक्षा हळू पडत होते.

शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. काका वाकून आत गेले, पाठ कुरकुरली. साडूबुवांचा डबा उघडा, घास तसाच. डोळे पडद्यावर. पडद्यावर वाचनालयाचं मेज, काकांचं मेज, उजव्या बाजूनं सावल्या भरत चाललेल्या. ड्रॉवर अर्धा उघडा, चष्मा आत. आणि खाली कोपऱ्यात, जिथं काकांच्या दुकानाचं नाव असायचं तिथं, हमरस्त्यावरच्या फर्निचरच्या मोठ्या काचेच्या शोरूमचं नाव.

साडूबुवा उठले नाहीत. त्यांच्या जिभेवरची साखर कुठं विरघळली कोण जाणे.

"दादा, मी सांगणारच होतो."

"वखार जवळ आली म्हणायची," काका म्हणाले आणि आपल्या स्टुलावर बसले.

"ते मला तिकडं मॅनेजर करतायत. केबिन देतायत. हे काम आणलं तर, असं म्हणाले."

"सगळी चित्रं दिली?"

"उद्या सकाळी द्यायची आहेत. समितीकडं ते लगेच पाठवतील. हे शेवटचं." साडूबुवा टेबलाकडं बघून बोलत होते. "तुम्ही कधी मोठं व्हायचं म्हणालाच नाही, दादा. मी किती वेळा विषय काढला. तुम्ही म्हणणार, आपलं बरं चाललंय."

"बरंच चाललं होतं की."

पंखा घोरत होता. काकांनी आजूबाजूला बघितलं. जाड पडदा. झाकणं. ब्रश अजून पेनांच्या डब्यात उभा होता.

"घरी माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. तिला काही माहीत नाही."

"पडदा तिनं शिवला."

"मी सांगितलं म्हणून शिवला."

"आणि ती धूळ," काका म्हणाले. "मान मोडून तासभर ब्रशनं काढलीत. मी घरी जाऊन सांगितलं, सख्खा भाऊ करणार नाही. ती कुणासाठी काढलीत, साडूबुवा?"

चित्रं जातील, काम जाईल, ते एक वेळ काकांना गिळता आलं असतं. धंद्यात पळवापळवी चालते. पण ह्या सगळ्या दिवसांत दोघं एका आजाऱ्याच्या उशाशी बसले होते, असं काका समजत होते. काका यंत्र वाचावं म्हणून बसले होते. साडूबुवा त्याच्यातून आपली चूल धडाडत राहावी म्हणून बसले होते. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्यानंच दुधात विष कालवावं, तसं झालं. आणि कूलर घ्या म्हणणारेही तेच. सपाट घ्या, आवाज करत नाही.

काकांनी स्टूल पडद्याजवळ ओढलं. मग म्हणाले, "चष्मा तेवढा काढा."

"काय?"

"ड्रॉवरमधला चष्मा. तो माझ्या बापाचा आहे. त्यांना त्या शोरूममध्ये बसवू नका. बाकीचं न्या."

"दादा, तुम्ही..."

"काढा म्हणतोय ना."

साडूबुवांनी माउस धरला. चष्म्यावर टिचकी बसेना. दोनदा चुकून ड्रॉवरच हलला. शेवटी चष्मा नाहीसा झाला. ड्रॉवर अर्धा उघडा, आत काहीच नाही. दुकानात पहिल्यांदाच अर्ध्यावर उतरवलेलं चित्र मग पुन्हा पहिल्यापासून चुलीवर चढलं.

आता दोघांनी काय करायचं? दुकानाचा नियम काकांनीच घातलेला. चुलीवरचं चित्र मध्येच उतरवायचं नाही. दोघं आपापल्या जागी बसले, बाजूबाजूला, बैठकीला आलेल्या पाहुण्यांसारखे. साडूबुवांनी डब्याचं झाकण लावलं. सावल्या हळूहळू भरत चालल्या. ताप चढला तसा पंखा जोरात गेला, आणि फेल्टचं सुटं टोक फडफडायला लागलं. साडूबुवांचा हात सवयीनं ते दाबायला पुढं झाला.

"राहू द्या," काका म्हणाले. "मी बघतो."

आणि काकांनी ते टोक बोटानं दाबून धरलं, चित्र पुरतं शिजेपर्यंत. पडद्यावर दुसऱ्याच्या नावाचं, त्यांच्या हातचं मेज लखलखीत उभं राहिलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "छान झालंय." आणि ते खरं होतं.

समितीच्या बैठकीला काका गेले, एकटेच. आपली चित्रं मांडली. अध्यक्षबाईंनी ती एकदा बघितली, शेजारच्यांकडं बघितलं, मग चष्म्यावरून काकांकडं.

"काम सुरेख आहे. पण हुबेहूब असंच दुसरीकडून आधीच आलंय. कुणी कुणाचं बघितलं, त्यात आम्ही पडत नाही." मग मेजाच्या चित्रावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं हा चष्मा तेवढा जास्त आहे."

काकांनी चित्रं गुंडाळली. खरा चष्मा खिशात होता, दोऱ्यासकट. चांगल्या कामाच्या दिवशी ते तो बरोबर नेत. पण पायऱ्या उतरताना त्यांच्या लक्षात आलं की शोरूमच्या चित्रात तो चष्मा असता, तर खिशातला काढून टेबलावर ठेवता आला असता. एकच साक्षीदार होता, आणि तो त्यांनी स्वतःच पुसायला लावला होता. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी स्वतःला विचारलं, पुन्हा तीच वेळ आली तर? आणि उत्तर तेच आलं. बाप आहे तो. साक्षीला उभा करण्यासाठी नाही ठेवलेला.

काम शोरूमला गेलं. साडूबुवा केबिनमध्ये गेले. बायकोला काकांनी सगळं सांगितलं, एकदाच, आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीला ह्यातलं काही नको कळायला. तिचा काय दोष?" बायको रडली, मग चिडली, मग बहिणीचा फोन आला तेव्हा नेहमीसारखी बोलली. बायकांना हे जमतं. काकांना नाही जमलं. सासूबाईंच्या घरी सगळे जमले की काका पाण्याच्या मडक्याजवळ उभे राहत आणि साडूबुवा अंगणात.

आणि लॅपटॉपचा ताप त्या दिवसापासून उतरला. दुपारी घरून आल्यावर काका पाठीवर हात ठेवायचे, गार. दुसऱ्या दिवशी गार. कूलर ऑटोवर होता, पण त्याला काम नव्हतं. कधी जरा घुरघुरायचा आणि गप्प बसायचा. बायको म्हणाली, बरं झालं, आजार गेला. गार झालेल्या अंगाला हात लावून बरं वाटत नाही, हे तिला कसं सांगणार?

कित्येक दिवसांनी एका दुपारी मेहुणीचा फोन आला. काका दुकानात, बायको डबा घेऊन आलेली. आता ते जेवायला घरी जात नसत. बायकोनं बोलून फोन त्यांच्या हातात दिला.

"भाऊजी, तुम्हाला एक विचारायचंय. ह्यांना तिकडं नवा लॅपटॉप दिलाय ना, तो सारखा तापतोय. ते म्हणतात, भाऊजींना विचार, कुठला कूलर घ्यावा. मी म्हटलं, तुम्हीच विचारा की. तर म्हणतात, तूच विचार." ती हसली. "तुम्ही दोघं भांडला बिंडलात का काय?"

"नाही गं. कसलं भांडण?"

"मग सांगा ना. तुमच्यासारखा बाजूला लावायचा घ्यायला सांगू का?"

काकांनी लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला. बायको डब्याचं झाकण हातात धरून त्यांच्याकडं बघत होती.

"नको," काका म्हणाले. "सपाट घ्या म्हणावं. तो आवाज करत नाही."